दहा सेंतावो

पहाटे खंदकात उतरण्याआधी
दोन्या एउलालियाने माझ्यापुढे हात पसरला.
“सुट्टे आहेत?”
मी दहा सेंतावोचं नाणं दिलं.
वाटलं, कोकाची पानं घ्यायची असतील.

तिने ते काठावरच्या भेगेत उभं खोवलं,
बी टोकावं तसं,
आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.
दोन वेण्या, वर पिवळं हेल्मेट,
घोळदार झग्यावर शिट्टी लोंबतेय.

एल आल्तोत हवा विरळ, थंडी मात्र दाट.
गटाराचा पाइप घालायचा होता.
खंदक साडेतीन मीटर खोल,
रुंद इतकाच, की दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहावं.
खाली मी, फोर्तुनातो,
आणि अठरा पुरी झाल्याचं सांगणारा त्याचा भाचा.

पहिल्या दिवशी रीतसर नैवेद्य झाला होता
पाचामामाला, धरणीमायला:
लामाचं वाळकं पिल्लू, साखरेची इवली घरं,
दारूचे चार थेंब. मुकादमाने चारच मोजले.
सगळे म्हणाले, आता माय कुणाला गिळणार नाही.
एउलालियानेही गुडघे टेकले, मनापासून,
मग उठून विचारलं,
“आणि फळ्या कधी येताहेत?”

फळ्या येत होत्या.
सोमवारपासून येत होत्या.

“माय भुकेने गिळत नाही रे.
आपण तिच्या कुशीत कुदळ घालतो
आणि टेकू द्यायला विसरतो,
मग ती कलंडते.
घनमीटरभर माती म्हणजे एक मोटार.
छातीवर मोटार घेऊन किती वेळ हाका मारशील?”
असं ती नेमकं जेवताना बोलायची,
आमचा घास अडेल असं.

दहाच्या सुमारास तिने वाकून भेगेत पाहिलं.
नाणं नव्हतं.
चोरलं नव्हतं कुणी.
ते आत गेलं होतं.

शिट्टी.
पहिल्या शिट्टीला कुणी मान वर करत नाही.
दुसरीला फोर्तुनातोने शिवी हासडली.
तिसरी मात्र अशी होती
की शिडीवर माझे हात माझ्याआधी पोचले.

इंजिनिअर आला.
“बाई, माती तर उभी आहे!”
“उभी आहे तोवर काढायची असतात माणसं, साहेब.
नंतर काढतात ती माणसं नसतात.”

मग आम्ही लांब उभे राहून वाट पाहिली.
खरं सांगतो, मला वाटत होतं, कोसळू दे एकदाचं.
अर्ध्या दिवसाची मजुरी गेली होती,
तिच्या बदल्यात निदान एक धडाका हवा होता.
सगळी वस्ती धावली असती,
एउलालियाच्या डोक्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळले असते.

कोसळलं नाही.
संध्याकाळी फळ्या आल्या, आश्चर्य म्हणजे पुरेशा.
निलगिरीचे टेकू ठोकले, काठावरचा ढीग मागे ओढला,
चौथ्या दिवशी पाइप बसला, खंदक बुजला.

फोर्तुनातो अजून हसतो, म्हातारीला भेगा दिसतात म्हणतो.
त्याचा भाचा आता मिनीबस चालवतो,
त्याच रस्त्यावर, दिवसाला अकरा फेऱ्या,
त्या जागी वेगसुद्धा कमी करत नाही.
का करावा? तिथे काही घडलेलंच नाही.
ना क्रूस, ना डब्यातली फुलं.
त्याची मुलगी शेजारच्या सीटवर बसून
खिडकीच्या काचेवर श्वासाने मांजर काढते.

मी मात्र कामावर जाताना खिशात सुट्टे ठेवतो.

परवा बाजारात एउलालिया दिसली,
वाळवलेले काळे बटाटे निवडत होती.
म्हटलं, “दोन्या, माझे दहा सेंतावो राहिलेत तुझ्याकडे.”
वर न बघता म्हणाली,
“मायकडे आहेत. खाली जा आणि माग.”

राहू दे म्हटलं.
घाई नाही.