ही बाजू वर

रात्रपाळी करून सहारहून परत आलो
तर गॅलरीत जुने पेपर अंथरलेले,
पेपरांवर माती, मातीत ऋजुल,
आणि निहारच्या नाकावर वाळलेला फेविकॉल.

"बाबा, झोपू नकोस हं. परवा पाडवा."

आइस्क्रीमच्या काड्या तिनं गणपतीपासून जमवल्यात.
एकोणीस.
दोन काड्यांना अजून आंब्याचा वास येतो, त्या निहारच्या,
तो मधूनमधून चाटून बघतो.
कल्याणीनं खणाच्या ब्लाउजमधून उरलेली पट्टी दिली
आणि वर बजावलं, कात्री माझी आहे, कागदाला लावाल तर बघा.
तांब्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं मापटं.
ऋजुलनं ते काठीवर पालथं घातलं, मग थांबली.

"तांब्या उलटा का घालतात?"

मी रात्रभर खोकी लावतो, कार्गोत.
प्रत्येक खोक्यावर दोन बाण असतात, ही बाजू वर.
चुकलं तर सही माझी, बोलणी माझी.
पण गुढीचा तांब्या उलटा का,
हे मला कुणी सांगितलं नाही
आणि मीही कधी विचारलं नाही.
म्हटलं, "आजोबांना फोन कर."
आजोबा म्हणाले, "तसाच असतो तो."

खालच्या फिलूमावशीनं अंड्याची टरफलं पाठवली,
केकसाठी फोडलेली, धुतलेली, पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ओळीनं.
ईस्टरला रंगवायची ती वेगळी, त्यांना हात लावायचा नाही,
हा निरोप निहारनं जिना चढताना
तीनदा घोकला, तरी वर येईस्तोवर
"त्यांना हात लावायचाच" असा झाला.

टरफलात चमचाभर माती.
मातीत मेथी, मोहरी, आणि
डब्याच्या तळाशी सापडलेलं एक अनोळखी बी,
चपटं, करड्या रंगाचं.
"याची वरची बाजू कुठली?"
मी ते चिमटीत धरलं, उजेडात फिरवलं.
कुठेच बाण नव्हता.
"कसंही टाक," म्हटलं, "त्याला कळतं."
"कसं कळतं?"
विमान गेलं डोक्यावरून, तेवढ्यात सुटलो.

खिशात कामावरची दोन स्टिकरं निघाली,
लाल काचेचा पेला, खाली लिहिलेलं, जपून हाताळा.
एक तिनं ट्रेला लावलं.
दुसरं कुठं गेलं ते संध्याकाळी कळलं,
झोपेतून उठलो तर माझ्याच पोटावर होतं.

पाडव्याला ती वीतभर गुढी
खिडकीच्या ग्रिलला, दोऱ्यानं.
स्टॉपजवळच्या कडुनिंबाचा एक तुरा, फुलांसकट.
वरच्या मजल्यावरची खरी गुढी, जरीची, उंच,
वाऱ्यानं तिचा पदर आमच्या गुढीवर येई
आणि ऋजुल दर वेळी खालून तो बाजूला करी,
रागानं नाही, शेजारणीसारखी.

गाठीतला एक पदक निहारनं गुपचूप पुरला.
साखरेचं झाड येणार होतं.
रोज पाणी, रोज उकरून बघणं.
तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या,
कुंडीपासून ग्रिलपर्यंत, ग्रिलवरून
पाइपावर, पाइपावरून खाली फिलूमावशीकडे.
"आलं!" तो ओरडला. "चालतंय बघ, बाबा!"
मी काही बोललो नाही.
फिलूमावशी मात्र खालून बरंच बोलली.

मेथी उगवली, मोहरी उगवली.
ते करडं बी अजून नाही.
ऋजुल म्हणते, उलटं पडलंय,
खालच्या दिशेनं उगवत असेल,
एक दिवस फिलूमावशीच्या छतातून निघेल.

काल कामावर खोकं उचलताना
नखांत माती दिसली.
सुपरवायझरनं विचारलं, "शेती घेतलीस काय रे?"
मी खोकं बाणाप्रमाणे ठेवलं, बरोबर वर तोंड करून,
आणि म्हटलं,
"हो. सोळा टरफलं."