निरंक

निवृत्तीआधी तीन आठवडे
मगदूम सरांच्या टेबलावर एक नमुना आला.
चार रकाने. वर ठळक : ज्ञान हस्तांतरण.
सरांनी चष्मा पुसला,
तीन रकान्यांत किल्ल्या, कपाटं, फुटकी पिपेटं
ओळीनं मांडली,
आणि चौथ्यात, 'इतर विशेष माहिती'समोर,
आपल्या बारीक तिरक्या अक्षरात लिहिलं :
निरंक.

मला राग आला.
बत्तीस वर्षं सांगलीतल्या एकाच प्रयोगशाळेत
आणि निरंक?
"अगं, लपवतोय कुठं," ते म्हणाले,
"मला काय काय येतं
तेच आठवत नाही."

जुलैत नवी बॅच आली.
सात नंबरचं ब्युरेट मनाला येईल तेव्हा
अर्धा थेंब जास्त सोडायचं.
तराजू रोज साडेअकराला बिघडायचा,
पावणेबाराला आपोआप शहाणा.
शेवटी दस्तगीरमामा, बाटल्या विसळता विसळता :
"मिरजेची मालगाडी असती मॅडम त्या वक्ताला.
सर वजनं थांबवून हजेरी घ्यायचे."

त्या हजेरीला मीही हात वर केलेला, तीन वर्षं.
आम्हाला वाटायचं, सरांना नावं पुकारायची हौस.

आणि ती तोंडी परीक्षा.
बाहेरचे परीक्षक, घड्याळ बघणारे.
कवठेपिरानचा एक मुलगा, घशात शब्द अडकलेला.
सरांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं,
नखांच्या कडा पिवळ्या.
"हळदीत चुना कालवला की काय होतं रे?"
"कुंकू, सर."
मग तो बोलत सुटला,
आम्ल, अल्क, दर्शक, सगळं,
परीक्षकांना म्हणावं लागलं, पुरे.

यंदा मी तोच प्रश्न विचारला,
माधवनगरच्या एका मुलीला, ती गप्प होती म्हणून.
ती आणखी गप्प झाली.
तिची बोटं स्वच्छ होती, शाईचा एक डाग सोडला तर.
प्रश्न माझ्याकडे आला होता,
बघणं आलं नव्हतं.

दिवाळीत हरिपूरला गेले सरांकडे.
चहा झाला. मागच्या परड्यात
त्यांच्या चुलत्यांचं हळदीचं पेव,
महापुरानंतर रिकामंच, तोंडावर फरशी.
"पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही.
दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर वर बसून राहायचं."
किती वेळ?
"ते पेवावर असतं."
कुणी शिकवलं तुम्हाला?
"शिकवलं कुणी नाही. काका बसायचे,
मी शेजारी बसायचो. शेंगा खायचो."

मी वही काढली होती.
तशीच पर्समध्ये ठेवली.

आमच्याकडे आता तेजल कोथळे आहे, तासिका तत्त्वावर.
हुशार. दोन कॉलेजं करते, मधे एस.टी.
तिला तासाचे पैसे मिळतात,
शेजारी बसायचे मिळत नाहीत.
मी सांगायला तोंड उघडते
तोवर तिची तासगावची गाडी लागलेली असते,
आणि तसंही, सांगणार काय?
की फिका गुलाबी म्हणजे किती फिका?
रंग आला म्हणायच्या
थोडं आधी थांबायचं,
पण आधी म्हणजे कधी?

काल तिची गाडी चुकली.
सगळे गेल्यावर आम्ही दोघी
उद्याची मांडणी करत बसलो.
काहीबाही बोलत होतो,
तिच्या सासूचा गुडघा, माझं थकलेलं अनुदान.
बोलता बोलता तिनं सात नंबरचं ब्युरेट उचललं,
तोटी एकदा फिरवली
आणि रांगेतून बाजूला ठेवलं.

का गं, मी विचारलं.

तिनं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"काय माहीत, मॅडम."

तो नमुना पुन्हा आलाय, या वर्षी ऑनलाइन.
चौथा रकाना रिकामा सोडता येत नाही,
लाल होतो.