पाटी धरणारी

सकाळी साडेसातला स्टँडवर,
कोल्हापूर दर्शनची गाडी सुटायच्या आधी
अब्बा सगळ्यांना गाडीपुढं उभं करायचे.
उंच मागं, बायका मधे, पोरं उकिडवी,
आणि त्यांच्याही पुढं, मातीत मांडी घालून, मी.
मांडीवर पाटी. पाटीवर खडूनं तारीख, गाडीचा नंबर,
खाली 'अत्तार फोटो, गंगावेस'.
'हसू नकोस,' अब्बा म्हणायचे, 'तू गिऱ्हाईक नव्हंस.'

गाडी जायची. अंबाबाई, नवा राजवाडा,
जोतिबा, पन्हाळा, उतरतीला रंकाळा.
आम्ही घरी, मोरीला काळं कापड लावून.
अम्मीच्या भाकरीलासुद्धा हायपोचा वास.
ट्रेमधल्या पाण्यात आधी पाटी उमटायची,
मग काळ्या टोप्या, बायकांचे केस,
मग सावकाश
माणसं.

सहाला गाडी परत.
कपाळं गुलालानं माखलेली, पायात करकरत्या नव्या चपला,
पोरं खांद्यावर झोपलेली.
अब्बा गर्दीत शिरून ज्याला त्याला त्याचा चेहरा दाखवायचे.
दीड रुपया.
कोण म्हणायचं, 'ह्यो मी नव्हं ओ.'
गदगच्या एका मास्तरांनी पाच प्रती घेतल्या,
पाचहीत त्यांच्या बायकोचे डोळे मिटलेले.
निपाणीची एक बाई मागच्या रांगेतल्या कुणावर तरी
बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली,
आणि परत दिला फोटो.
पैसे नाहीत, असं काही म्हणाली नाही.

अब्बा गेल्यावर माळ्यावरून बिस्किटांचा डबा निघाला.
न विकलेले, एकशेसदतीस.
काहींच्या कडेला अजून गुलालाचा अंगठा:
घेतला, बघितला, ठेवला.
मी मात्र माझ्या वेण्या बघत गेले.
इथं गुडघ्याला पट्टी.
इथं तारीख लिहिलीय फेब्रुवारीची तीस.
इथं नको म्हटलेलं असून हसलीय,
पुढचे दोन दात नाहीत.
माझा एकटीचा फोटो आमच्या घरात एकही नाही.
कागद महाग होता.

आणि विकले गेले त्यांतली मी
असेन गदगला, अथणीला, कुणाच्या ट्रंकेत,
कुणाच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी.
पोरं विचारत असतील, ही कोण?
'गाडीबरोबर आलेली,' सांगत असेल कुणी.
मी गाडीत पाय ठेवला नव्हता.
पन्हाळा बघितला तो लग्नानंतर,
तोही धुक्यात.

डब्यातले सगळ्यांत वरचे तीन मी शेवटी बघितले.
मे, चौऱ्याहत्तर.
मला तेरावं लागलेलं, अम्मी म्हणाली होती, आता पुरे.
तीच गाडी. उंच मागं, बायका मधे, पोरं उकिडवी.
पुढं मातीत एक वीट.
विटेला टेकवलेली पाटी,
अक्षर अब्बांचं,
जरा तिरकं.