ओगराळं

टॉडमॉर्डनच्या जुन्या बँकेत आता गॅलरी आहे.
तिजोरीत न विकलेली चित्रं, भिंतीकडे तोंड करून,
काउंटरवर लोकरीचे ससे, इमोजेनच्या मीनाकारीच्या पिना
आणि दर गुरुवारी मी,
दहा ते चार, बिनपगारी, गळ्यात किल्ली.

क्लिफर्ड हेलिवेल चमचे आणतो बटाट्याच्या पोत्यातून.
वादळात पडलेला सिकॅमोर, कुऱ्हाड, वाकडी सुरी,
शेवटी जवसाचं तेल.
पोतं उघडलं की मला चटणीची भूक लागते,
साडेदहालाच.
हे सांगितलं तर म्हणाला, बघ हं, चाटू नकोस.
म्हणजे त्याच्या इंग्रजीचं मी हे असं मराठी केलं
आणि चाटू हा शब्द
कितीतरी वर्षांनी उठून बसला.

चिठ्ठ्या लिहायचं काम माझं.
चमचा, मोठा. चमचा, लहान. चमचा, मध्यम.
एकवीस वस्तू आणि नाव एकच,
जसं वर्गातल्या सगळ्या पोरांना 'ए मुला' म्हणावं.
मी पुटपुटत त्यांचं बारसं करत गेले:
ही पळी, तेलातुपाची.
हा डाव, रस्सा ढवळायचा.
हा चाटू, याच्या हाती पिठलं द्यावं आणि निवांत व्हावं.
क्लिफर्ड खुर्ची उलटी फिरवून बसला.
'आणि जे या पोत्यात नाही ते?'

ओगराळं, म्हटलं. आमटी वाढायचं.
खोल वाटी, उभा दांडा,
पंगतीत वाढणाऱ्याची कंबर राखणारा.
हातांनी हवेत काढून दाखवलं.
'दांड्याच्या टोकाला काय?'
हात हवेतच राहिले.

वसंताला फोन, बार्शीला.
'ताई, ते मोडीत गेलं कधीच. स्टीलचं आहे, मोजू का?'
शालनवहिनींनी पाणी ओतून मोजलं:
दोन वाट्यांना घोटभर कमी.
टोकाला आकडा, पातेल्याच्या काठावर अडकवायला.
'नाहीतर बुडतं. आठवत नाही?
मंजूच्या बारशाला तुम्हीच तर बुडवलं होतंत.'
मला आठवत नव्हतं.

तीन आठवड्यांनी ते पोत्यातून निघालं.
एकाच फांदीच्या बेचक्यातलं, सांधा नाही,
वाटीच्या पोटात सुरीच्या खुणा
भाकरीवर बोटं उमटावीत तशा.
आकडा मात्र आतल्या बाजूला वळलेला.
सांगताना माझाच हात उलटा फिरला असणार.
मी काही बोलले नाही.
त्याच्या अंगठ्याला पट्टी होती.

चिठ्ठीवर देवनागरीत नाव घातलं. अडतीस पौंड,
त्यातले पस्तीस टक्के गॅलरीचे.
एकाला ती मेणबत्तीची बैठक वाटली.
एका मुलाने कानाला लावून फोन केला, बराच वेळ बोलला.
दोन गुरुवार गेले.

मग कालव्यावरच्या बोटीत राहणारी एक बाई आली,
ओला कोट, ओलं कुत्रं.
तिने हवेतून काहीतरी उपसून पाहिलं.
'याला म्हणतात काय?'
सांगितलं.
'ओग्रॅली.'
पुन्हा सांगितलं.
ळ तिच्या जिभेखालून निसटत राहिला,
कुत्रा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.
सूपला होईल, म्हणाली,
आणि बोटीत पाणी शिरलं तर ते उपसायला.

संगणकात नाव टाकलं तर
चौकोन, चौकोन, चौकोन.
पुसलं. लिहिलं: चमचा, मोठा, नग एक.

संध्याकाळी कुलूप लावताना क्लिफर्डचा फोन.
विकलं? विकलं.
कोणी नेलं? सांगितलं.
मग जरा थांबून,
'आकडा बरोबर होता का?'

किल्ली कुलपात, मी गप्प.

'दुसरं करतो,' म्हणाला,
आणि फोन ठेवला.