जागा क्रमांक सात

लोखंडी पेटीत भाड्याचं पाकीट सारताना
ऑर्विलनं सवयीनं लिहिलं : माणसं दोन.
लक्षात आलं, तरी खोडलं नाही.

पहाटे तंबू आतून ओला,
आल्डरची पानं स्टोव्हला चिकटलेली,
ओरेगनचं ते धुकं, कॉफीतसुद्धा उतरणारं.
नदी मांडीपर्यंत.

नऊच्या सुमाराला गळाला लागली
ती सामन मादी होती.
शेपटी घासून पांढरी, अंगावर काळपट चट्टे,
समुद्रात खाल्लेल्यावरच इथवर चढलेली.
माहेरी आलेली, बाळंतपणाला;
परतीचा प्रश्नच नाही.

वेंडेल असता तर म्हणाला असता,
धुरी देऊ, हिवाळाभर पुरेल.
भांडण झालं असतं.

त्यानं गळ सोडवला.
प्रवाहाकडे तोंड करून तिला धरून ठेवलं,
बोटं बधिर होईस्तोवर.

शेजारच्या तंबूतली बाई विचारते,
"मिळालं काही?"
"हो," म्हणतो,
आणि बोटांवर फुंकर घालत बसतो.