दहा ग्रॅम

वाडी नाक्याच्या आत, टायरवाल्याच्या मागे आमचं दुकान.
पाटीवर लिहिलंय: सायलेन्सरची जाळी धुऊन मिळेल.
धूत नाही खरं तर. भाजतो.
रात्रभर भट्टीत, सहाशे अंशांपर्यंत हळूहळू चढवत.
घाई केली की आतली माती तडकते.

डुलीचंद बुटीबोरी–कळमना मारतो, दिवसाला चार खेपा.
पिवळा दिवा लागला की बटन दाबून त्याला गप्प करतो.
"उभी ठेवून जाळत बसाले टाइम कोनाले हाय, भाऊ?"
वीस मिनिटं मागत होती गाडी.
आता पारडीचा पूल चढताना मधेच बसते.

मालक फोनवर: "आतलं काढून फेका न.
पोकळ डबा लावा. वरून कोनाले दिसते?"

दिसत नाही, खरंय.
पहिल्या वर्षी मीही केलंय दोनदा, छिन्नी घालून.
एक घर उघडं, शेजारचं बंद, एक उघडं, एक बंद.
तांडापेठेत बाबा मागावर हाच चौकडा विणायचे.
धुराला पुढे वाट नसते, मग तो भिंतीतून झिरपतो,
काजळी अलीकडेच राहते.
बाबांच्या छातीत सूत गेलं ते गेलंच.
मेयोतल्या डॉक्टरनं फोटो खिडकीकडे धरला होता,
मी जाळी धरतो तसाच, एक डोळा मिटून.

"नाही करत," म्हटलं. "उद्या सकाळी या."

आली तेव्हा अकरा किलो सातशे वीस.
भट्टीतून निघाली, अकरा चारशे साठ.
काजळी जळते. राख जळत नाही,
ती इंजिनानं प्यायलेल्या तेलाची.
तिला उलट्या बाजूनं हवा मारायची, एकेका घरात,
तोंडाला मास्क, पिशवीत करडं पीठ.
अकरा तीनशे पन्नास.
नवीचं वजन तीनशे चाळीस.
वहीत लिहितो: हेडाऊ, तारीख, गाडी नंबर, दहा ग्रॅम.

"निंगालं का सगळं?"
"दहा ग्रॅम राह्यलं."
"चालते मंग."

बसवली. एकदा उभ्यानं जाळून पाहावी लागते.
मी चालू केली आणि खाली उतरून उभा राहिलो.
मे महिना, त्यात ही झळ;
ट्रकखालचं कुत्रं उठून नालीकडे गेलं.
डुलीचंदचा फोन दोनदा वाजला.
त्यानं तो उलटा करून मांडीवर ठेवला,
आणि टायरवर बसून
दिव्याकडे बघत राहिला.