यादी पेन्सिलीनं

गेल्या वर्षी शाईनं लिहिली होती.
यंदा ती चूक नाही.

सावद्याच्या आमच्या कॉलेजात
जिमखाना म्हणजे जिन्याखालची जागा.
चौदा चेंडू, त्यातले नऊ हवा धरणारे,
एक पंप, एक मलमाची डबी
आणि मी, धनराज नेहेते.
दारावर 'क्रीडा संचालक' लिहिलंय,
त्यातला 'संचालक' पावसानं धुतला.

गोलकीपर: सरताज तडवी.
खाली: कोणी नाही.
डावा बचाव: गुलाबसिंग पावरा.
खाली: गुलाबसिंगचा चुलतभाऊ,
पण तो अजून बारावीच्या इंग्रजीत अडकलेला.
मधली फळी आहे बरी.
म्हणजे आज, गुरुवारी, बरी आहे.

ऑगस्टात सरताज दाराशी उभा.
चपला बाहेर काढलेल्या, म्हणजे विषय मोठा.
"सर, मले नाहरकत पाह्यजे."
जळगावचं कॉलेज वसतिगृह देतंय,
नवे बूट, फी माफ,
रोज चार अंडी.
"चार?"
"चार, सर. रविवारी बी."
मी सही केली.
चार अंड्यांसमोर
मी कुठला डावपेच मांडणार होतो?

संध्याकाळी भावाच्या बागेत गेलो.
तो विळा घेऊन खोडांच्या बुंध्याशी वाकलेला.
म्हणाला, घड निसवला की वर बघू नको,
खाली बघ.
सगळी पिलं ठेवलीस तर आईला खातात,
सगळी कापलीस तर पुढच्या साली वावर रिकामं.
एक ठेव. तलवारीसारख्या पानाचं.
मी म्हटलं, तुझं पील
रात्रीतून उठून दुसऱ्याच्या वावरात जात नाही.
तो हसला.
"जातं की. चोरून नेतात लोक."

त्यावर मी गप्प झालो,
कारण हेमराज.
हेमराज कोळी चोपड्याचा.
मागच्या जूनमध्ये मीच गेलो होतो मोटारसायकलवर,
त्याच्या बापाशी ओट्यावर बसून चहा प्यालो,
पहिल्या सत्राची फी माझ्या पगारातून भरली
आणि बायकोला सांगितलं, गाडीचं काम निघालं.
आठवड्यानं चोपड्याच्या सरांचा फोन आला.
मी शिव्यांची तयारी करून उचलला.
बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत राहिला,
मग ते म्हणाले,
"त्याच्या उजव्या गुडघ्याला पट्टी बांधत जा."
आणि ठेवला.

ऑक्टोबरात जळगावला सामना.
आमच्या गोलात योगेश्वर भिरूड,
जो मुळात उंच उडीसाठी आला होता,
आणि उंच आहे एवढंच ज्याचं भांडवल.
समोरच्या बाकड्यावर सरताज.
बाकड्यावर!
त्यांच्याकडे गोलकीपर तीन,
आणि हा तिसरा.
नवे बूट कोरे, लेस दुहेरी गाठीची,
गालावर थोडं मांस चढलेलं.

दोन-दोन. सात मिनिटं उरलेली.
त्यांचा पोरगा चेंडू घेऊन एकटाच सुटला,
भिरूड रेषेवर खिळलेला,
आणि बाकड्यावरून कुणीतरी ओरडलं,
"भिरूड! पुढं निघ! कोन कमी कर!"
भिरूड निघाला.
चेंडू त्याच्या छातीवर आदळून बाहेर गेला.
त्यांच्या प्रशिक्षकानं हळूच मान वळवली.
सरताज खाली बघत
आधीच बांधलेली लेस बांधत होता.

शेवटी हरलोच, कॉर्नरवर. तीन-दोन.
तो भेटायला आला नाही.
मीही हाक मारली नाही.

परतीची एसटी केळीच्या ट्रकांमागं रखडलेली.
पोरं झोपलेली, हेमराजचा पाय माझ्या पिशवीवर,
पट्टी सैल झालेली.
मी जळगावच्या सरांचा नंबर काढला.
वाजला. उचलला.
पंखा इकडे नव्हता, इंजिन होतं.
"बोला नेहेते सर."
म्हटलं, पेनल्टीला सरताज
चेंडू सुटायच्या आधीच डावीकडे झुकतो.
तेवढं मोडा.
आणि त्याला कधीतरी खेळवा.

मग वही काढली.
गोलकीपर: भिरूड.
खाली
बस हादरत होती, अक्षर नीट येईना.
पेन्सिल तशीच टेकवून ठेवली.